अक्षरं लाल झाली तेव्हा

शाळेत नवी वस्तू आली, की ती कळायच्या आधीच तिचे किस्से गावभर होतात. पंच्याऐंशी-शहाऐंशीला आमच्या सौसरच्या शाळेत रंगीत टीव्हीला जोडलेला कॉम्प्युटर आला, अन् ट्रेनिंग घेतलेला मी एकटा गणिताचा मास्तर!

*

पहिल्याच दिवशी मी शाळेचं नाव टाइप केलं अन् एक कमांड दिली. पांढरी अक्षरं झटक्यात लाल! मागे उभे हेडमास्तर दोन पावलं सरकले. "मास्तर, ना ब्रश, ना रंग, हे कोणी रंगवलं?"

"मीच, सर. हुकूम दिला."

"बाप्पा! माझा हुकूम तर चपराशीही ऐकत नाही!"

*

इंग्रजीच्या ठाकरे मॅडमनी अर्धा दिवस बसून दहावीची यादी टाइप केली. मला गंमत सुचली, मी अक्षरं काळी केली. पडदाही काळाच! मॅडम किंचाळल्या, "मास्तर, काय करून राहिले? आज यादी पाठवायची होती ना!"

"आहे, मॅडम. काळ्यावर काळी आहे."

"मले दिसत नाही, म्हणजे गेलीच!"

आता मी काय टाइप करतोय, तेही दिसेना. अंदाजे कमांड दिली. यादी परत! मॅडम घटाघटा पाणी प्यायल्या अन् म्हणाल्या, "मी हातानंच लिहून पाठवते."

*

तपासणीला आलेले साहेब पडद्यावरचं 'स्वागत' वाचून म्हणाले, "ते 'स्वागत' जरा मोठं करा." अक्षरं मोठी करायची कमांड दिली, तर आधी पडदाच पुसला गेला! साहेबांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला. "झालं स्वागत?"

*

पडद्यावरच्या निकालात वर्गात पहिल्या आलेल्या मुलीचं नाव मी लुकलुकतं ठेवलं होतं. तिचे वडील, रामाकोन्याचे भाऊराव, पडद्यापुढे पांढरे पडले. "गुरुजी, साऱ्यांची नावं शांत हायेत. माह्या पोरीचंच काहून फडफडून राहिलं? तिले काही झालं का?"

"अहो, पहिली आली ती!"

"मग थांबवा ना लवकर! दमून जाईन पोरगी!"

*

वानखेडे सर पांढुर्ण्याहून बसनं यायचे. वीस वर्षं चित्रकला शिकवत होते. एका दुपारी मी त्यांना लाल अक्षरं हिरवी करून दाखवली. "बघा सर, बदलला रंग!"

"कुठं बदलला? थोडं उजळलं फक्त."

मी पुन्हा लाल केलं, पुन्हा हिरवं. सर तसेच बघत राहिले.

"सर... मग वीस वर्षं पोरांना रंग कसे शिकवले?"

सरांनी आधी दार लोटलं. मग हळूच म्हणाले, "पोरंच सांगतात ना मले. मी फक्त 'बरोबर' म्हणतो."