कांद्याच्या काट्यावरची बॅग

कुरुळीत आमच्या चाळीतल्या कुणाला कंपनीने विमानाने परगावी पाठवलं, की तो आधी विमानात हाती न्यायची बॅग घेऊन शेजारच्या काकांकडे जातो. काका स्वतः कधी विमानात बसलेले नाहीत, पण लेकीला परदेशी धाडताना त्यांनी सगळे नियम पाठ केले. कांदे तोलायच्या काट्याला ते बॅग अडकवतात आणि नको ती वस्तू बाहेर काढतात. "कात्री चालत न्हाई. तेलाची बाटली ल्हान घ्या. सात किलो म्हंजी सातच, इमान म्हंजी यष्टी न्हाई." हे सगळं काट्यावरची नजर न हलवता.

काट्यामागच्या खुंटीवर एक हिरवं लुगडं असतं. ते त्यांच्या वारलेल्या बायकोचं. लेकीने आठवण म्हणून बॅगेत घातलं होतं. वजन अर्धा किलो जास्त भरलं, म्हणून काकांनीच काढायला लावलं. लेक त्यानंतर आलेली नाही.

सहा महिन्यांसाठी चेन्नईला निघालो, तेव्हा माझीही बॅग त्या काट्याला लागली. आईने शिवलेली वाकळ काढायला मी हात घातला.

"ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. "सातच भरतंय."

मला काट्यावर आठ दिसत होते. मी बॅगेची चेन ओढली.

परत आल्यावर त्यांनी विचारलं, "अडवलं न्हाई ना रं?"

"अडवलं होतं," मी हसत सांगितलं. "मग वाकळ काढून अंगावर घेतली, तसंच जाऊ दिलं."

काका हसले नाहीत. खुंटीवरच्या लुगड्याकडे वळले.

"अंगावर घेतलं तर चालतं व्हय?"