बुडत्याला मागनं धरावं

उत्रोलीच्या गेनबाची पोहणं शिकवायची रीत एकच. पोराच्या कमरेला सुका भोपळा बांधायचा, नीरेच्या डोहात ढकलायचं आणि काठावरनं ओरडायचं, "बुडत्याला पुढनं धरायचं न्हाई! गळ्यात पडंल, दोघंबी जाल! वळसा घाल, मागनं बकोटी धर!" त्याच्या थोरल्यानं, कुंडलिकानं, असं तिघांना काढलं होतं.

त्या पोहण्यावरच कुंडलिक नौदलात गेला, पुढं पाणबुडीवर. एकाहत्तरच्या लढाईत आपलं एक विमान समुद्रात पडलं. पायलटाला उचलायला पाणबुडी भर दुपारी वर आली, आणि कमरेला दोर बांधून कुंडलिकानं उडी टाकली. एवढं गावाला पत्रातनं कळलं होतं.

लढाई सरल्यावर तो रजेवर आला. गेनबा बैलांना वैरण टाकत होता.

"काढलास का रं त्याला?"

"न्हाई, आबा. त्याच्या अंगात हवेचं जाकीट व्हतं, मजेत तरंगत व्हता. मला बघून हसला. हात पुढं केला त्यानं. पार जवळ व्हता."

"मग?"

"म्या वळसा घातला. मागनं गेलो."

गेनबाच्या हातातली पेंढी तशीच राहिली.

"तेवढ्यात शत्रूचं विमान दिसलं. पाणबुडीवरनं दोर वढला, मला आत घेतलं, झाकण लावलं आन् पाणबुडी खाली. अंधारात परत वर आलो, तर कुनी न्हवतं."

"सायेब काय म्हनला?"

"कुनीच कायी म्हनलं न्हाई. म्हून तुमास्नी इचारतो. म्या बरुबर केलं का न्हाई?"

दारातनं आई, रतनबाई, म्हणाली, "बरुबरच केलंस! तुजा बाप काय खोटं शिकवतो व्हय?"

गेनबानं आयुष्यात थापा लई मारल्या, पण पाण्याबाबत कधी नाही.

"त्यो बुडत व्हता का?"

"न्हाई."

"मग पुढनंच धरायचा व्हता, बाबा."

कुंडलिकानं मान हलवली. नदी हाकेवर असून त्यानंतर तो परसात बादलीनं आंघोळ करायचा, आणि रजा संपायच्या आधीच एसटीत बसला.

उन्हाळ्यात पोरं भोपळे मागायला आली. गेनबा बैलांकडं वळला. रतनबाईच म्हणाली, "जावा रं. किडं लागलं त्यास्नी."

भोपळे आढ्याला टांगलेले दिसत होते. चांगले टणटणीत होते.