बारा डबे आणि एक भिंत

शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तराला चित्रं काढायला कमी आणि पाट्या रंगवायलाच जास्त बोलावतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण माझं अक्षर चांगलं होतं. साताऱ्यात मी रंगवलेल्या भिंतींपुढे माणसं जाता जाता थांबायची आणि मी लांबून बघत उभा राहायचो. हा गर्व आधीच कबूल करतो, कारण पुढचा घोटाळा त्या अक्षरानंच केला.

आकडे काढायला मी शाळेत शिकलो नाही. मी आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. लहान होतो तेव्हा आमच्या माळावर कालव्याची आखणी करायला सरकारी माणसं आली होती. त्यांच्यातल्या रंगाऱ्याचा डबा मी आठ दिवस धरला आणि त्यानं मला ते अक्षर दिलं: दगडावर आधी पांढरा गोल, त्यात लाल आकडा, खाली बाण. आमच्या लोकांनी त्या आकड्यांपुढे नारळ फोडले. माझ्या बापानं तर एका दगडाला हात लावून तो कपाळाला लावला. कालवा काही आला नाही, पण तांबडा आकडा म्हणजे पाणी येणार, भलं होणार, हे माझ्या डोक्यात कायमचं बसलं.

नव्वद सालानंतरच्या त्या वर्षांत आम्ही साताऱ्याचे काहीजण आणि सांगलीचे काहीजण मिळून डोंगर हिंडायचो. सांगलीचा माझा एक मित्र बँकेत होता. त्याच्या हाती एक जुनं विलायती मासिक लागलं. तिकडे म्हणे लोक रानात डबे दडवतात, चिठ्ठीवर खुणा लिहितात आणि बाकीचे होकायंत्र घेऊन ते हुडकतात. डबा सापडला की आतल्या वहीत सही करायची आणि डबा परत जागच्या जागी ठेवायचा. घ्यायचं काही नाही, द्यायचं काही नाही. मला हे फार आवडलं. अभयारण्यात तीन दिवस मुक्काम आणि बारा डबे, असं आम्ही साताऱ्याच्या स्टँडवरच्या कँटीनमध्ये बसून ठरवलं.

मग नियोजन सुरू झालं. तंबू कुणाकडेच नव्हते, म्हणून मित्रानं हळदीच्या गोदामातून ताडपत्र्या मिळवल्या. त्या उन्हात टाकल्या तरी त्यांचा वास गेला नाही. होकायंत्र शाळेच्या स्काउट मास्तरांकडून, डबे बिस्किटांचे आणि दूध पावडरीचे, घराघरांतून गोळा केलेले. पिठलं पातळ करायचं की घट्ट यावर एक अख्खी बैठक झाली.

परवानगीला मी गेलो. वनखात्याच्या कार्यालयातले साहेब भले होते. दिवसा वनरक्षकाबरोबर फिरा म्हणाले, पण रात्री आत राहायचं नाही, झाडाला खिळा ठोकायचा नाही आणि आत कसलाही डबा ठेवून यायचा नाही. म्हणजे आमचा खेळच गेला. मित्र म्हणाला, हद्दीबाहेर करू. हद्दीला लागून मेढ्याच्या वरच्या अंगाला एक वाडी होती. मुक्काम तिथल्या अंगणात टाकायचा, दिवसा अभयारण्य बघायचं आणि डबे वाडीच्या उतारावर बांधाकडेनं ठेवायचे. कायदा पाळून मजा करण्याची ही युक्ती आम्हाला फार हुशारीची वाटली.

ज्यांचं अंगण आम्ही मागितलं, त्यांना सगळे आबा म्हणायचे. त्यांचं मूळ गाव खाली खोऱ्यात होतं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा बरीचशी माणसं पूर्वेच्या माळावर गेली आणि आबांचा बाप चार घरं घेऊन वर डोंगराला आला. आबांना एकच मुलगा, एकतीस वर्षांचा. वाडीतली बाकीची पोरं मुंबईला गेली होती, हा म्हाताऱ्या आईबापासाठी मागं राहिला होता, आणि मागं राहिलेल्या पोराला मुलगी कोण देणार? दोन स्थळं मोडली होती. तिसरं जुळलं होतं, मेढ्याजवळच्या एका गावातली मुलगी. सुपारी फुटली होती, वैशाखात लग्न धरलं होतं.

आबा म्हणाले, "अंगान घ्या की. पर लगीनघर हाय, भीत तेवढी रंगवून द्या."

आमच्याकडे लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर शुभविवाह लिहितात, दोन्ही बाजूंना भालदार-चोपदार, मध्ये कलश आणि खाली नवरानवरीची नावं. तालुक्याच्या पेंटरला वाडीत आणणं आबांना परवडणारं नव्हतं. मी आनंदानं कबूल झालो. तीन दिवसांच्या अंगणाच्या बदल्यात माझं अक्षर, असा तो करार होता.

होळी झाल्यावर मी आणि मित्र आधी जाऊन आलो. आबांच्या बायकोनं भिंत चुन्यानं सारवून ठेवली होती. मी कलश काढला, भालदार काढले, नवऱ्या मुलाचं नाव लिहिलं. शेजारी तेवढीच जागा मोजून मोकळी सोडली. देण्याघेण्याच्या याद्या झाल्याशिवाय नवरीचं नाव लिहीत नाहीत, असं आबांच्या बायकोनं बजावलं होतं. मुलीकडची माणसं घर बघायला येणार, मग याद्या होणार, मग नाव. मुलगा गोठ्याच्या दारात उभा राहून बघत होता. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे ना, असं मी त्याला विचारलं, तर तो लाजून आत गेला.

दुसऱ्या दिवशी आबा आणि मुलगा बस्त्याची चौकशी करायला मेढ्याला गेले आणि आम्ही डबे ठेवायला निघालो. भिंतीचा लाल रंग अर्धा डबा उरला होता. पहिल्यांदा येणाऱ्यांना कळावं म्हणून डब्याजवळच्या दगडावर खूण करायची, हे मित्राचं म्हणणं. खूण कशी असावी हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पांढरा गोल, लाल आकडा, खाली बाण. एक ते बारा. वाडीत येणाऱ्या पाऊलवाटेच्या कडेनं, नाचणीच्या बांधांवरून, पाणवठ्यावरून. सातवा आकडा आबांच्या कवाडाशी असलेल्या दगडावर आला. तो सगळ्यांत देखणा उतरला होता. मी मागं सरकून, मान तिरकी करून त्याच्याकडे बघितल्याचंही मला आठवतं.

पंधरा दिवसांनी शाळेच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. वाडीच्या शाळेतल्या गुरुजींनी आबांच्या सांगण्यावरून लिहिलं होतं: तुमच्या खुणांवरून घोटाळा झाला आहे, लवकर या.

गेलो. मुलीकडचे चौघे घर बघायला आले होते. पाऊलवाटेनं चढताना त्यांनी पहिला आकडा बघितला, दुसरा बघितला. मुलीच्या बापाची बहीण धरणात उठून पूर्वेला गेलेली होती, गाव उठायच्या आधी दगडांवर पडतात ते तांबडे आकडे त्यांनी तेव्हा बघितले होते. आबांच्या कवाडाशी ते सातव्या दगडापुढे उभे राहिले. मग आत येऊन बसले, चहा प्याले, भिंतीचं कौतुक केलं आणि मागाहून कळवतो म्हणून उठले. लग्नाच्या बोलण्यात मागाहून कळवतो याचा अर्थ सांगावा लागत नाही.

वाडीतलीही माणसं बदलली होती. अभयारण्य झाल्यापासून गाव उठणार अशी कुजबुज होतीच, आता दगडांनी तिला पुरावा दिला होता. एकानं गोठ्याची पडवी अर्धी घालून सोडली होती. मला बघून बाया डोक्यावरचा पदर ओढून बाजूला झाल्या. मी त्यांच्या लेखी चित्रकलेचा मास्तर उरलो नव्हतो, मोजणीला आलेला माणूस झालो होतो.

आबा रागावतील अशी मी तयारी करून गेलो होतो. ते रागावले नाहीत, त्याचाच मला जास्त त्रास झाला. मीच तावातावानं बोलत सुटलो, की हे काय खुळ्यासारखं, विचारायचं तरी होतं, असा कुठं सर्व्हे असतो का. मित्रानं माझा दंड धरला तेव्हा गप्प झालो.

मुलीच्या बापाला समजावून सांगू म्हणून आम्ही दोघं एक डबा घेऊन त्यांच्या गावी गेलो. ओसरीवर बसवून त्यांनी पाणी दिलं. मी डबा उघडला, वही दाखवली, पेन्सिल दाखवली, होकायंत्रसुद्धा फिरवून दाखवलं. हा खेळ आहे, असं तीनतीनदा सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "मास्तर, तुमी शिकल्याली मानसं. मोठ्या मानसांनी डबं पुरायचं, गावभर आकडं टाकायचं आन मोठ्याच मानसांनी ती हुडकायचं. मिळायचं तर काय न्हाई. असला खेळ कोन खेळतं?"

विलायतेत खेळतात, हे माझ्या ओठावर आलं होतं, ते गिळलं. ते म्हणाले, खेळ असंलही, पर उद्या खरंच उठलं तर माझी पोरगी कुठल्या माळावर जाईल? बहिणीकडे ते दरसाल जायचे. ती दोन हंडे पाण्यासाठी किती चालते ते त्यांनी सांगितलं. ज्या माळाबद्दल ते बोलत होते तो माझ्या गावाजवळचा होता. तिथल्या पाण्याबद्दल मी काय सांगणार?

एकच उपाय राहिला होता: हे गाव उठणार नाही, असा कागद. मी परत त्या कार्यालयात गेलो. साहेबांनी सगळं ऐकलं, दगडांवर रंग लावल्याबद्दल हलकेच कान उपटले आणि म्हणाले, हे आकडे आमचे नाहीत एवढं तोंडी सांगतो, पण गाव उठणार नाही हे लिहून कसं देऊ? ते वरचं काम, आम्हालाच माहीत नाही. त्यांचं काही चुकत नव्हतं. मी खोटा आकडा टाकला होता, आणि तो खोटा आहे हे लिहून देणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात नव्हता.

शेवटी रॉकेल आणि तारेचे ब्रश घेऊन आम्ही दगड घासायला गेलो. मुलगाही आला, पाणी ओतत राहिला. तेलरंग तो, त्यात काळा खरबरीत दगड. काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ती काय असते ते त्या दिवशी हाताला कळलं. लाली फिकट झाली, आकडा गेला नाही. बांधावर माणसं जमली. आता पुसतायत, म्हणजे नक्की काहीतरी दडवायचंय, असं त्यांच्यातलं कुणीतरी म्हणालं. आम्ही ब्रश खाली ठेवले. ठेवलं तर खरं ठरत होतं आणि पुसलं तर त्याहून खरं ठरत होतं.

बारा डबे आम्ही पोत्यात भरले. मुक्काम रद्द झाला, ताडपत्र्या गोदामात परत गेल्या. मित्र म्हणाला, पुढच्या वर्षी दुसरीकडे करू. त्याच्यावर मी असा खेकसलो की महिनाभर त्याचं पत्र आलं नाही. त्याचा काय दोष? मासिक त्याचं होतं, अक्षर माझं होतं.

निघायच्या आधी मी आबांना म्हणालो, भिंतीवरचं नाव पुसून चुना देऊन जातो. लोकांच्या डोळ्यांपुढे ते तसं अर्धं दिसायला नको.

आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. नाव पोराचंच हाय की. त्यात काय खोटं हाय?"

वैशाख गेला. ती मुलगी दुसरीकडे दिल्याचं गुरुजींच्या कार्डावरून कळलं.

त्यानंतर तीन वर्षांनी माझी बदली सांगलीकडे झाली. जायच्या आधी एकदा वर जाऊन आलो. जाणं तीन वर्षं टाळत होतो, हेही सांगायला हवं. गाव तिथंच होतं, उठलं नव्हतं. पावसानं दगडांवर शेवाळ धरलं होतं, तरी सातवा आकडा मला ओळखू आला. मुलगा म्हशी घेऊन रानात गेला होता. आबांना कमी दिसायला लागलं होतं, त्यांनी आवाजावरून ओळखलं आणि चहा टाकायला सांगितला.

भिंत पांढरीशुभ्र होती. कलश चुन्याखाली गेला होता, भालदार-चोपदारही गेले होते. मुलाचं नाव तेवढं होतं. दर दिवाळीला चुना देताना आबांच्या बायकोनं त्या नावाच्या कडेकडेनं कुंचा फिरवला होता, अक्षराला धक्का न लावता. तीन वर्षांच्या चुन्याचा थर नावाभोवती चढला होता आणि नाव जरा खोलात गेल्यासारखं दिसत होतं. शेजारची मोकळी जागा मी सोडली होती तेवढीच होती.

माझी नजर कुठं आहे ते आबांच्या बायकोला कळलं. कपबशी पुढे ठेवून त्या म्हणाल्या, "जागा ठिवलीया, मास्तर. जमलं की कार्ड टाकतो, तवा या लिव्हायला."

मी हो म्हणालो. सांगलीचा नवा पत्ता त्यांच्यासाठी एका कागदावर लिहून दिला, जमेल तितक्या साध्या अक्षरात. त्यांनी तो घडी घालून देव्हाऱ्यात ठेवला. त्या पत्त्यावर मी पुढे बरीच वर्षं राहिलो. कार्ड आलं नाही.