डाव्या पायाची दुरुस्ती

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मेल्यावर ती काढून टाकायचं काम आमच्या दुकानात होत असे. जळगावात एका जिन्याखाली ते दुकान होतं. लोक गेलेल्या माणसाचा बोटाएवढा फोटो घेऊन यायचे. आम्ही फोटोवर बारीक चौकटी आखायचो, तेवढ्याच चौकटी मोठ्या कागदावर आखायचो आणि काळ्या पावडरीने भिंतीवर टांगण्याजोगं चित्र करून द्यायचो. देवीचे व्रण पुसायचे, कलती टोपी सरळ करायची. कित्येकांचा जिवंतपणी फोटोच निघालेला नसे. मग तिरडीवरचा एकुलता एक फोटो घेऊन मुलगा यायचा आणि खालमानेने म्हणायचा, "डोळे तेवढे उघडून द्या." मी उघडून द्यायचे.

तिरळ्या डोळ्यासाठी आमच्या मालकांची, म्हणजे नानांची, एक युक्ती होती. चांगला डोळा बटरपेपरवर गिरवायचा, कागद उलटा करायचा आणि तिरळ्याच्या जागी तोच उतरवायचा. घरचे लोक चित्र पाहून रडायचे आणि म्हणायचे, हुबेहूब! हे काम माझ्याइतकं सफाईने दुकानात कुणी करत नसे. मला त्याचा गर्व होता, चांगलाच होता.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी विशीची होते. पाचोऱ्याहून सकाळच्या शटलने जळगावला यायचे, चित्रकलेचा वर्ग करायचे आणि दुपारी दुकानात बसायचे. शेजारच्या रेल्वे क्वार्टरमध्ये टीव्ही आला होता. त्यावर साबणाच्या जाहिरातीत एक चितारलेली बाई पदर खोचून धुणं आपटायची, मध्येच थांबून कपाळावरचा घाम पुसायची. तिचे डोळे कुणी उघडून दिलेले नव्हते, ती आपली आपणच पापण्या मिटायची. मला दुसरं काही सुचेनासं झालं. आणि त्यातच पेपरात मुंबईच्या एका कार्टून स्टुडिओची जाहिरात आली: चित्रकार पाहिजेत, चालणाऱ्या माणसाची चोवीस चित्रं टपालाने पाठवा.

नानांना दाखवली तर ते हसले. म्हणाले, "चालता माणूस? अगं, आपल्याकडे येतो तो सगळं चालून झाल्यावर येतो."

खोटं नव्हतं ते. मी पहिला माणूस काढला तो नाकाच्या शेंड्यापर्यंत सुरेख होता. चोवीस कागदांची गड्डी अंगठ्याखालून भराभर सोडली तर तो चालेचना, कुणी हातगाडीवर उभा करून ढकलत न्यावा तसा सरकला. माझ्या हाताला चौकटींची सवय होती. चौकट नसली की पेन्सिल जागच्या जागी थरथरायची. मग मी पाचोऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर शटलची वाट बघताना लोकांना चितारायला लागले. केळीचा घड खांद्यावर घेतलेला हमाल, लेकरू ओढत निघालेली बाई. चेहरा नाही, बटणं नाहीत, माणूस नजरेआड व्हायच्या आत चित्र पुरं झालं पाहिजे, एवढाच नियम. दोन महिने नुसतं कोंबडीने पाय ओढल्यासारखं निघत होतं. लाज वाटायची. कुणी वाकून बघायला लागलं की वही मिटायचे.

पण हमाल काही पुन्हा पुन्हा माझ्यासमोरून चालणार नव्हता. मला रोज तोच माणूस हवा होता, आणि तो घरातच होता. माझे वडील, आबा, रेल्वेत चावीवाले होते. रूळ ज्या चाव्यांनी घट्ट बसवलेले असतात त्या ढिल्या झाल्या की हातोड्याने ठोकत जायचं. रोज काही कोस लाइनीवरून चालणं. उभ्या आयुष्यात त्यांनी रुळांखालच्या आडव्या स्लीपरवरच पावलं टाकली होती. बाजारातसुद्धा ते तेवढ्याच अंतरावर पाऊल टाकत. आई म्हणायची, "रस्तावर बी तुना बापले लाइन दिसस."

रविवारी सकाळी क्वार्टरमागच्या अंगणात मी आबांना लिंबाच्या झाडापासून पाण्याच्या हौदापर्यंत येरझारा घालायला लावायचे. एका येरझारेला एकच चित्र. मग दोन विटांवर खिडकीची काच ठेवायचे, तिच्याखाली आबांचा दाढीचा आरसा तिरका लावायचे. आरशातून ऊन वर आलं की खालच्या कागदावरची रेघ वरच्या कागदातून दिसे. दाढीला त्यांना रविवारी न्हाव्याकडे जावं लागे, पण कुरकुर नाही. उलट शेजाऱ्यांना सांगायचे, पोर मले सिनेमात घाली ऱ्हायनी.

पहिले चोवीस कागद पुरे झाले त्या दिवशी मी अंगठा सोडला आणि ओरडलेच. माणूस चालत होता! वजन होतं त्याला. खांदा खाली येत होता, हात मागे जात होता. पण दर दुसऱ्या पावलाला काहीतरी अडत होतं. बघितलं तर डाव्या पायाचा चवडा वर उचललाच जात नव्हता. बोटं खाली लोंबत जमीन घासत होती, म्हणून गुडघा जरा जास्तच वर जात होता. मी चरफडले. एवढं करून डावा पाय चुकलाच!

दुसऱ्या रविवारी पुन्हा काढलं. पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी तर जास्तच. आबा खाटेवर बसून कागद बघत होते. त्यांनी डाव्या पायावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मना पाय असा पडस का व माय?"

त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त माझं चित्र दिसत होतं. मी म्हटलं, "नही आबा, मनी चूक शे. मी दुरुस्त करस."

"मंग ठीक शे," ते म्हणाले आणि उठून न्हाव्याकडे गेले.

दुरुस्त कसं करायचं ते मला चांगलं येत होतं. उजवा पाय बटरपेपरवर गिरवला, डावं पाऊल तसंच पुढे येतं त्या कागदावर नेला, डाव्याच्या जागी उतरवला. तिसऱ्या रविवारच्या चोवीसही कागदांवर. मग पावसाळाभर तेच घोटत बसले. त्या दिवसांत आईने आबांचा डावा बूट दोनदा चांभाराकडे नेला, पुढच्या टोकाला चामडं लावून आणलं. पण मी कागदातून मान वर केली नाही.

चोवीस चित्रं मुंबईला गेली. दिवाळीआधी उत्तर आलं, चार ओळींचं. हात सफाईदार आहे, पण हा माणूस कुठल्याच रस्त्यावर चालत नाही, असं त्यात होतं. दोन दिवस मी मुंबईच्या लोकांना काय कळतं, असं आईला ऐकवत राहिले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आबा लाइनीवर पडले. गाडी नव्हती, एवढं नशीब. डाव्या पायाची बोटं स्लीपरला अडकली आणि ते हातोड्यासकट तोंडावर आपटले. गँगच्या माणसांनी खांद्यावर घालून आणलं. जळगावच्या डॉक्टरांनी गुडघ्याच्या जखमेकडे फारसं पाहिलंही नाही. खिशातली किल्ली काढून तिचं टोक तळव्यावरून ओढलं, पाऊल वर करायला सांगितलं. उजवं वर झालं. डावं नाही.

"हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

आबा म्हणाले, "पडनू ना, तवयपासून." आईने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, महिना झाला असेल. डॉक्टर म्हणाले, कंबरेत नस दबली आहे, लवकर आला असता तर पाय पुरता परत आला असता, आता सांगता येत नाही.

हे कधीपासून, ते मला सांगता येत होतं, अगदी तारखेनिशी. दुकानात प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख टाकायची शिस्त होती, आणि घरी पत्र्याच्या पेटीत ते पहिले चोवीस कागद होते. जूनचे. मी डॉक्टरांना काही बोलले नाही. भीती वाटली. डोळ्यांवर कातडं ओढून बसले होते, ते मी स्वतःच्या हाताने ओढलं होतं.

ऑपरेशन झालं. कंबरेतली कळ थांबली, पाय मात्र आला नाही. आबांना बसून करायचं काम मिळालं, फाटकावर. ते तिथे बसून जाणाऱ्या चावीवाल्याकडे बघत राहायचे. मी दुकान सोडलं नाही, पण उलट्या बटरपेपरचं काम आलं की दुसऱ्या कुणाकडे सरकवायचे. नाना म्हणाले, "काय झालं गं तुला?" मी म्हटलं, डोळे दुखतात.

वर्षाने मी पेटीतले पहिले चोवीस कागद बाहेर काढले आणि एक अक्षर न लिहिता त्याच स्टुडिओला पाठवले. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. शिक्षा म्हणून म्हणावं, तर पोटात आशाही होती. आठ दिवसांत बोलावणं आलं. नोकरीचं.

मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आबा खाटेवर बसले होते. डाव्या पायाला चामड्याचा पट्टा होता. म्हणाले, "मुंबईवालास्ले जे पसंत पडनं, ते मले दखाड."

स्टुडिओने बोलावण्याबरोबर परत पाठवलेलं चित्रांचं पाकीट पिशवीत होतं. नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी कागद त्यांच्या हातात दिले. हातोड्याने घट्टे पडलेला अंगठा त्यांनी कडेवर ठेवला आणि हळूहळू सोडला. कागदावरचे आबा चालले. पुन्हा सोडला. पुन्हा चालले. डावं पाऊल घासत गेलं, तसंच, सहा सात वेळा. मग त्यांनी कोपऱ्यातली तारीख डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

"मना पाय तवय असाच पडे ना?"

"हो, आबा."

त्यांनी कागद सारखे केले, कडा जुळवल्या, पाकिटात घातले आणि पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं.

"मंग तवयच सांगनं व्हतं, माय," ते म्हणाले.