यंदा कुठलं प्राणिसंग्रहालय?

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. माळ्यावरच्या सामानासारखे ते आपोआप साठतात आणि एक काढायला गेलं की बाकीचे अंगावर पडतात. आमचंही तसंच झालंय.

आम्ही चौघं खडकीच्या एका ऑफिसात दुपारी एकत्र डबा खातो. दर हिवाळ्यात एक सहल ठरलेली. देवळं म्हटलं की रांगेवरून वाद, समुद्र म्हटलं की बोरकरांना सर्दी. प्राण्यांवर मात्र कोणाचाच आक्षेप नव्हता. म्हणून प्राणिसंग्रहालयं!

आता कुठलं, हे ठरवताना प्रत्येकाची फूटपट्टी वेगळी. बोरकर मूळचे अमरावतीचे, ते मोबाइलवर रेटिंग बघतात. तापकीरांचं गाव आता महापालिकेत आलंय, पण दारात म्हशी अजून आहेत. त्यांना डबा उघडायला झाड लागतं. नारायण पेठेतल्या वसुधाताईंना गर्दी नको असते. आणि मी आधी स्वच्छतागृह बघते, मग वाघ.

*

पहिली सहल म्हैसूरची. तापकीर जिराफासमोरून असे गेले, जणू विजेचा खांब आहे! गव्याच्या मादीपाशी मात्र जे थांबले, ते हलेनात. खूप वेळ तिला मागून-पुढून न्याहाळलं आणि तिथल्या कर्मचाऱ्याला तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं, "भैया, ये दूध कितना देती है?"

तो गंभीरपणे म्हणाला, "मालूम नहीं साब. निकालने कोई गया नहीं!"

*

त्याच सहलीत एक गृहस्थ झोपलेल्या सिंहाला उठवायला शिट्ट्या मारत होते. टाळ्या झाल्या, "ए शेरा!" झालं. सिंहाने कानसुद्धा हलवला नाही. निघाले मराठीच. वसुधाताई शांतपणे त्यांच्याजवळ गेल्या.

"आपण जरा थांबा. आपल्यात काही बघण्यासारखं आहे असं वाटलं, तर उठेल तो."

*

पुढच्या वर्षी हैदराबाद. मगरीसमोर बोरकर म्हणाले, "ही खोटी आहे. फायबरची."

"अहो, जिवंत आहे ती," मी म्हटलं.

"मॅडम, पंधरा मिनिटं झाली, पापणी लवली नाही. पोटाखाली जॉइंट दिसतोय बघा!"

आजूबाजूच्या दोन कुटुंबांनाही त्यांनी ते पटवलं. एका आजोबांनी तर तिकिटाचे पैसे परत मागायची तयारी केली. तेवढ्यात मगरीने आ वासलेला जबडा खाडकन मिटला आणि ती सर्रकन पाण्यात उतरली. पोरं किंचाळली, आजोबा दोन पावलं मागे!

बोरकर जागचे हलले नाहीत. "पण मोटर मस्त बसवली ना!"

*

यंदा मी लोकशाही आणायची ठरवली आणि ग्रुपवर पोल टाकला. चेन्नई की पुन्हा म्हैसूर? माणसं चार, मतं आली पाच! तपास केला, तर पाचवं मत तापकीरवहिनींचं. त्यांच्या भाकरी-ठेच्याचा डबा सहलीला असतो म्हणून आम्हीच त्यांना कौतुकाने ग्रुपमध्ये घेतलं होतं.

बोरकरांनी नियमावर बोट ठेवलं. "वहिनी सहलीला येत नाहीत. त्यांचं मत बाद."

वहिनींचा मेसेज दोनच शब्दांचा होता. "डबाबी बाद."

*

मतं राहिली दोन-दोन. बोरकर चेन्नईवर अडले, तापकीर म्हैसूरवर. डबे वेगवेगळ्या टेबलांवर उघडायला लागले. इतक्या वर्षांची सोबत एका पोलपायी मोडते की काय, याची मला खरोखर धास्ती वाटायला लागली. शेवटी वसुधाताई म्हणाल्या, "रविवारी सगळे कात्रजला चला. तिथेच बसून ठरवू. प्राण्यांसमोर माणसं जरा बरी वागतात."

गेलो. माकडांच्या पिंजऱ्यापर्यंत दोघं बरे वागले.

"चेन्नईचं रेटिंग बघा ना जरा!" बोरकरांनी मोबाइल पुढे केला.

"रेटिंग काय खायाचं हाय? बसाया सावली हाय का ते सांगा!"

"अहो, डबा खायला एवढ्या लांब कशाला जायचं? गच्चीत खा!"

"आन् मगर बघाया तरी तुमी कशाला जाता? दावली तरी तुमाला पटत न्हाई!"

आवाज चढले. बोरकरांचे हात हवेत, तापकीरांनी टोपी काढून कठड्यावर आपटली. माकडं सगळे उद्योग सोडून जाळीशी येऊन बसली. लोकही जमले, पण माकडांकडे पाठ करून. एका बाबांनी मुलीला खांद्यावर घेतलं. कोणीतरी व्हिडिओ सुरू केला. मी आणि वसुधाताई गुपचूप बाजूला सरकलो, ओळख नसल्यासारख्या.

तेवढ्यात शिट्टी वाजली. गर्दी बघून सुरक्षारक्षक धावत आला. त्याने माकडांकडे पाहिलं, मग या दोघांकडे पाहिलं आणि हात हलवत लोकांना ओरडला,

"चला, चला, पुढं सरका! मागच्यांनापण बघू द्या!"