छपरी म्हणजे कोण

कॅल्गरीत आल्यापासून मी नुसते शब्द शिकते आहे, आणि आता मला त्याचा कंटाळा आला आहे. मी ज्या ग्रोसरी दुकानात संध्याकाळची पाळी करते, तिथे सोबतीला शाळकरी मुलं आहेत. कुणी भारी कपडे घालून आलं की ती म्हणतात, 'ड्रिप'. मी अर्थ विचारला, तर एक मुलगी म्हणाली, स्टाइल एवढी की अंगावरून ठिबकते. बरं बाई, ठिबकू दे. पुढे मोठ्या धीरानं मी तो शब्द वापरला, तर सगळी हसली. तो म्हणे जुना झाला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे तेवढेही मिळत नाहीत.

आमच्याकडे, सांगलीच्या बाजूला, एक शब्द माणसाला जन्मभर पुरायचा. इस्त्रीचा शर्ट घालून कुणी निघालं की 'काय टेचात निघालाय' म्हणायचे. 'शायनिंग मारतोय' हा त्याच्या नंतरचा, कॉलेजच्या पोरांनी आणलेला. त्यात थोडी जळजळ असायची, पण माणूस आपलाच असायचा.

मग 'छपरी' आला. रंगवलेले केस, घट्ट पँट, मोटरसायकलवर उभं राहून काढलेला व्हिडिओ, असा कुणी दिसला की तो छपरी. म्हणजे फॅशनची हौस आहे, पण लायकी नाही. हा शब्द मात्र मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. छपरं बांधणाऱ्या जातीच्या लोकांवरून तो आला असं सांगतात, आणि आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तेच काम. पावसाळ्याआधी वडील उसाच्या पाचटानं लोकांची घरं शाकारायचे आणि मी खालून पेंढ्या वर द्यायची. आता ते पत्र्याच्या शेड उभारतात. त्या कमाईवरच मी इथवर आले.

इथे एका बेसमेंटमध्ये आम्ही चौघी राहतो. एक पुण्याची, एक नागपूरची, एक नाशिकची, आणि मी. त्या दिवशी पाळी संपवून आले तेव्हा पाय ओढवत नव्हते. बस चुकल्यामुळे बर्फातून चालत आले होते. तिघी एका फोनवर वाकून खिदळत होत्या.

"अगं ये, हे बघ," पुण्याची म्हणाली. "सो छपरी! आय कान्ट!"

फोनवर माझा धाकटा भाऊ होता. पिवळे केस, काळा गॉगल, फुलाफुलांचा शर्ट. आमच्या शेडसमोर तो केसांतून कंगवा फिरवत नाचत होता. ते केस मी आठवड्यापूर्वीच व्हिडिओ कॉलवर पाहिले होते, आणि खरं सांगते, मला ते आवडले होते.

"तो माझा भाऊ आहे," मी म्हणाले.

त्यांना वाटलं, मी चेष्टा करते आहे. मग माझ्या तोंडाकडे बघून हसणं थांबलं.

"सॉरी गं, आम्हाला काय माहीत," नागपूरची म्हणाली.

"पण आम्ही तसं कास्टवरून नाही म्हणत," पुण्याची म्हणाली. "इट जस्ट मीन्स, ट्राय करतो पण जमत नाही."

"तोच अर्थ आहे," मी बुटांच्या नाड्या सोडत म्हणाले. "आम्हाला जमू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनीच तो शब्द काढला."

भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं. कुणी भांडलं नाही. नाशिकची चहा ठेवायला उठली, पुण्याचीनं फोन उलटा करून ठेवला. मला फार राग आला होता, आणि तो दाखवायलाही अंगात त्राण नव्हतं. मी खोलीत जाऊन कोट न काढताच पलंगावर बसले.

तेवढ्यात भावाचाच फोन आला. गावाकडे सकाळ सरत आली होती.

"ताई, व्हिडिओ बघितलास? लय चाललाय."

"बघितला. हितल्या पोरींनीबी बघितला."

"कॅनडात?" तो खूश झाला. मग म्हणाला, "छपरी म्हणाल्या असतील."

मी कोटाची चेन वरखाली करत राहिले.

"आगं, मी कमेंटा वाचतो की. रोजचंच हाय ते. तू काय म्हणालीस?"

"माझा भाऊ हाय म्हणाले."

"समद्यांच्या म्होरं?"

"हो."

पलीकडे कुठेतरी भांडं वाजलं, आईनं त्याला हाक मारली. त्यानं ओ दिली नाही. मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "ताई, त्या पोरी आता तुला तिथं ऱ्हाऊ देतील न्हवं?"