सुपातली तंबाखू

मंगळवेढ्याहून सोलापूरला येणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. तिशीची असेल. बोलता बोलता तिकिटाची बारीक सुरळी करायची, टोक नखानं आत दाबायची, परत उलगडायची. मी म्हटलं, "विड्या वळणाऱ्या घरातली दिसतीस की गं!"

ती हसली. "आई वळते. मावशी, तुम्ही पण?"

"चाळीस वर्षं वळल्या की."

पुण्यात ती कृष्णविवरांचा अभ्यास करते म्हणाली. आईला ते कधी समजावता आलं नाही, आता तर आईनं विचारायचंच सोडलंय, असंही म्हणाली. मी म्हटलं, "मला सांग बघू." तर म्हणे, कृष्णविवर भोवतालचा वायू गिळतं, तेव्हा तिथून असा जोरदार झोत सुटतो, की बाकीचा वायू लांब फेकला जातो. तारे बनतात ते त्याच वायूचे. मग नवे तारे बनणं मंदावतं.

"अगं, मग पंखाच की तो! वळताना पंखा लावला की सुपातली तंबाखू उडते. मग विडी वळायची कशाची?"

तिनं तिथंच आईला फोन लावला आणि पंख्याचं सांगितलं. पलीकडचं मलाही ऐकू आलं, "मग उडाल्याली तंबाखू परत सुपात पडतीय व्हय गं?"

तिनं सुरळी मुठीत घट्ट धरली. "तेच तर शोधतेय, आई."

स्टँड आलं तरी मायलेकींचं बोलणं संपेना. मध्येच कुठं तोंड घालायचं, म्हणून नावही न विचारता मी उतरले.